एकच जोडी पुरे

टॅमरॅक फोर्क,
९ नोव्हेंबर

प्रिय रॉयस,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ पूर्वीसारखीच चालते. घाटात दीड फूट बर्फ झाला आणि गावातल्या सगळ्या स्नोमोबाइल गाड्या ताडपत्रीखालून बाहेर आल्या. तुझं कसं काय, हे विचारायची गरज उरलेली नाही, कारण गेल्या मंगळवारपासून तू माझ्या दुकानात दाराशीच उभा आहेस.

खोकं आलं तेव्हा मला वाटलं फावडी आली. उघडलं तर तू. पुठ्ठ्याचा, उंचीला खऱ्यापेक्षा दोन इंच जास्त, आणि दात इतके पांढरे की ते तुझे नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल. दोन्ही हात पुढे केलेले, हातांत ते करडे हातमोजे आणि छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'एकच जोडी पुरे.' मालक खूश. म्हणाला, "मार्ला, तुझा भाऊ आता आपल्याकडे फुकट नोकरीला!" मी हसले. हसावं लागलं. मग मागच्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

खोटं कशाला बोलू, हातमोजे चांगले आहेत. माझ्या नेहमीच्या पद्धतीने पारखले. काउंटरशेजारच्या बादलीत बर्फ भरला, हातमोजे घालून पाच मिनिटं हात त्यात खुपसले आणि तशाच ओल्या हातांनी सुट्या भागांच्या फावड्याचा दांडा जोडून पाहिला. पहिल्या झटक्यात खीळ बसली. तळव्याचं कातडं पातळ आहे, अंगठ्याच्या आतल्या बाजूला शिवण नाही, म्हणजे दिवसभर वेगाची कळ दाबून अंगठा सोलवटणार नाही. मनगटाची पट्टी जाकिटाच्या बाहीखाली नीट जाते. बोटांची टोकं लोंबत नाहीत. डोंगरात गाडी घालणाऱ्याने पातळच हातमोजे घ्यावेत, हे मी वीस वर्षं सांगत आलेय. डोंगरात कोणी बसून फेरफटका मारत नाही. उभ्याने, अर्धं अंग बाहेर टाकून ते धूड उतारावर तिरकं धरायचं असतं, आणि दर तासाला कुणाची तरी गाडी रुतली की फावड्याने उपसायची असते. जाड हातमोज्यांत घामाचं तळं साचतं आणि मग तेच तळं गोठतं.

पण पातळ घ्या म्हणताना मी वाक्याचा दुसरा अर्धा भाग कधी गिळलेला नाही. पातळ घ्या आणि तीन जोड्या घ्या. एक चालवायला, एक उपसायला, आणि एक छातीशी, जाकिटाच्या आत, जी खाली यायला निघेपर्यंत बाहेर काढायची नाही. आपल्या क्लबात गाड्या ट्रेलरवरून उतरल्या की प्रत्येक जण शेजारच्याच्या छातीवर थाप मारून विचारतो, "जोडी?" आत मऊ लागलं तरच इंजिन सुरू होतं. हे बाबांनी सुरू केलं. त्यांच्याच मुलाच्या छातीवर आज 'एकच जोडी पुरे' लिहिलंय. मनाची नाही तर जनाची तरी ठेवायची होतीस.

गुरुवारी डेन्टनची मुलगी ब्रिन आली. एकोणीस वर्षांची झाली, उंच, बापासारखी खांद्यात वाकते. जानेवारीत पहिल्यांदा वरच्या बोडक्या उतारांवर जाणार आहे, बापाच्या जुन्या गाडीवर. तुझ्या पुठ्ठ्यापुढे उभी राहून तिने हातमोजे चढवले, बोटं मिटली, उघडली.

"मस्त आहेत गं, मावशी. हातात काही घातलंय असं वाटतच नाही."

"घे. आणि आणखी दोन जोड्या घे."

"पण रॉयस काका तर म्हणतायत एकच पुरे."

"तुझा रॉयस काका पुठ्ठ्याचा आहे. त्याला घाम येत नाही."

ती खो खो हसली. पण तिने एकच जोडी घेतली, रॉयस. जाताना म्हणाली, माझ्या बाबांकडे जास्तीची जोडी होतीच ना, तरी हरवलीच की! म्हणजे आहे तीच नीट सांभाळणं बरं. मी पैसे मोजून गल्ल्यात टाकले. बोलायला तोंड लागतं.

पुठ्ठ्याबरोबर एक छापील कागदही आलाय. गिऱ्हाइकांना वाटायचा म्हणे. वाचला. चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत कूपर ओढ्यात 'एका सहकाऱ्याची' गाडी पाण्यात बसली आणि इंजिन मेलं. 'त्याने आपले कोरडे हातमोजे हलगर्जीपणाने हरवले होते.' मग रॉयसने न डगमगता त्याला आपल्या मागे बसवून दोन तासांत खाली आणलं. 'सहकाऱ्याची चार बोटं गेली, जीव वाचला. रॉयसच्या हातांत होते हलके हातमोजे. एकच जोडी.' त्या दिवशी ही हातमोज्यांची कंपनी जन्मलीसुद्धा नव्हती. तुझ्या हातांत माझ्या दुकानातले काळे हातमोजे होते. तेवढं तरी लिहायचंस.

आणि आता तुझी मागणी. सात डिसेंबरला कंपनीचे लोक कॅमेरा घेऊन येणार, तू येणार, आणि डेन्टनने तुझ्या शेजारी उभं राहून जगाला सांगायचं की चूक त्याची होती आणि तू त्याला वाचवलंस. 'मार्ले, तू सांगितलंस तर तो ऐकेल.' चार बोटं गेलेला माणूस उभा करून त्याच्याकडून हातमोजे विकवायचे! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, फक्त इथे मढं जिवंत आहे आणि तुझा मित्र आहे.

मी त्याला विचारणार नाही. तूही विचारू नकोस. का, ते या पत्रात लिहीत नाही. फोनही करू नकोस. फोनवर तू साखर पेरतोस आणि मी मऊ पडते, म्हणून तर कागद घेतला.

आई विचारते, दुकानातल्या पुठ्ठ्यावर तू बारीक का दिसतोस. तिला सांगितलं, पुठ्ठा पातळ आहे.

मार्ला


टॅमरॅक फोर्क,
२३ नोव्हेंबर

रॉयस,

तीनदा दुकानात फोन केलास, मी तिन्ही वेळा गोदामात गेले. म्हणून तू सरळ डेन्टनलाच गाठलंस. वाटलंच होतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची माझी हौस जुनीच आहे.

बुधवारी तो आला, ब्रिनला घेऊन. दर वर्षी याच सुमारास येतो. लार्ज मापाच्या पातळ हातमोज्यांच्या तीन जोड्या घेतो आणि मी तिथेच बसून त्यांची रिकामी बोटं कापून शिवून देते. उजव्या हाताचं मधलं बोट, अनामिका, करंगळी, आणि डाव्याची करंगळी. नाहीतर ती टोकं लोंबतात, ओली होतात, कळीत अडकतात. शिवण आतून घ्यावी लागते, गाठ बाहेर ठेवावी लागते, कारण त्याचे खुंट अजून हुळहुळे आहेत. अंगठा आणि तर्जनी राहिली म्हणून गाडी चालवतो. घोड्यांना नाल ठोकायचं काम मात्र गेलं. खूर धरायला मूठ लागते. या खोऱ्यातला सगळ्यात चांगला नालबंद आता कचरा डेपोच्या वजनकाट्यावर बसून पावत्या फाडतो. हे तुला माहीत आहे, पण तू ते पाहिलेलं नाहीस. मी दर आठवड्याला पाहते.

मी शिवत होते आणि तो बोलत होता.

"रॉयसचा फोन आला होता. कॅमेऱ्यापुढे बोलायचंय म्हणे. माझं थोबाड बघून कॅमेरा फुटायचा! पण रॉयससाठी करीन. त्याने मला सोडलं असतं तर आज मी इथे तुझं डोकं खायला नसतो."

मी म्हटलं, "नको म्हण. तुला कुठे आवडतं असलं काही."

"अगं, पाठ आहे मला. दर हंगामाला क्लबात नव्या पोरांना सांगतोच ना. ऐक." आणि माझ्या काउंटरपुढे ताठ उभा राहून, शाळेत कविता म्हणतात तसा तो म्हणाला, "मी डेन्टन. मी माझी छातीची जोडी हरवली. कुठे पडली ते मला आजही माहीत नाही. चूक माझी होती. माझ्यासारखं करू नका."

ब्रिन दाराकडे बघत होती. "बाबा, पुरे ना. गावाला पाठ झालंय."

"पाठ असू दे. ज्याला पाठ असेल तो हरवणार नाही."

"लोक हसतात तुम्हाला."

"हसू देत. बोटं शाबूत ठेवून हसतायत ना?"

ती बाहेर गाडीत जाऊन बसली. डेन्टनने खांदे उडवले आणि मला म्हणाला, तिला बापाची लाज वाटते, वयच तसं आहे. माझ्या हातात सुई होती. ती माझ्या बोटात किती आत गेली ते रक्त कातड्यावर उतरल्यावर मला कळलं. ती जोडी बाजूला टाकून मी नवी घेतली.

आता लिहिते. चार वर्षं यावर लिहिलं नाही, बोलले नाही, तुझ्याकडे नीट पाहिलंही नाही. तुला वाटत असेल की मला माहीत नाही. किंवा माहीत असूनही मी गप्प बसणारी आहे म्हणून तू निर्धास्त असशील. तुझं कोणतं खरं, ते मी ठरवू शकत नाही, आणि दोन्हींची मला सारखीच शिसारी येते.

तुझं जाकीट मी धुतलं होतं.

तू खाली आलास त्यानंतरचा तिसरा दिवस होता. तू आपल्या घरी कोचावर पांघरुणात पडून होतास आणि दारात रांग लागली होती. कुणी चीज घातलेले बटाटे आणले, कुणी हरणाचं मांस. जाकिटाला पेट्रोलचा आणि जळकट वास येत होता, म्हणून मी ते धुवायला घेतलं. बाहेरच्या खिशात एक जोडी होती, मीडियम मापाची, तुझी. तिची चार बोटं वितळून एकमेकांना चिकटली होती. पाहताक्षणी कळलं. सायलेन्सरवर वाळत ठेवलीस आणि विसरलास. म्हणजे छातीची जोडी तू सकाळीच वापरून ओली केली होतीस, कारण तुला ओले हात सोसत नाहीत, लहानपणापासून नाही. अशी चूक आपल्याकडे प्रत्येकाने एकदा तरी केलीय. मीही केलीय. त्यासाठी कुणी तुला फाशी दिली नसती.

आतल्या खिशात दुसरी जोडी होती. काळी, लार्ज, जवळजवळ कोरडी. मनगटाच्या आतल्या बाजूला पिवळ्या दोऱ्याचे तीन टाके.

हे टाके डेन्टनची अॅव्हिस घालते. नवऱ्याच्या प्रत्येक जोडीवर, लग्नापासून. मी तिच्या हातचे ते टाके काउंटरवर शंभरदा पाहिलेत. डेन्टन ओढ्यात उतरून नुसत्या सदऱ्यावर फावडं मारत होता, जाकीट त्याने तुझ्या गाडीच्या मुठीवर टांगलं होतं. हे त्यानेच सगळ्यांना सांगितलंय, आणि सांगताना दर वेळी म्हणतो, तिथेच पडली असणार. पडली नव्हती. तू काढून घेतलीस. तो वर आला, खिसे चाचपले, आणि तू त्याच्याबरोबर बर्फात शोधत राहिलास! त्याचेच हातमोजे घालून! मग त्याला मागे बसवलंस. तुझ्या हाताखाली गाडीच्या तापणाऱ्या मुठी होत्या रे, ओल्या हातमोज्यांनीही तुझं काही बिघडलं नसतं. त्याच्या हाताखाली दोन तास नुसता वारा होता.

हे लिहिताना मला शिसारी येते. आणि ती सगळी तुझ्यामुळे नाही.

मी दोन्ही जोड्या चुलीत घातल्या. कातडं पटकन जळत नाही, आधी आक्रसतं, मग घाण वास सुटतो. आईने विचारलं काय जळतंय, मी म्हटलं, चिंधी. मी स्वतःला सांगितलं की तू आजारी आहेस, आई म्हातारी आहे, डेन्टनची बोटं तर परत येणार नाहीत. हे झालं सांगायचं. खरं असं की मला आवडत होतं. दुकानात लोक हात हातात घेऊन म्हणायचे, तुझा भाऊ वाघ आहे. चर्चमध्ये पुढची जागा मिळाली. आजवर मी फक्त फावडी विकणारी बाई होते, एकदम शूराची बहीण झाले. त्या जागेवर बसून मी चार वर्षं ऊब घेतली आणि दर नोव्हेंबरला त्या माणसाची बोटं शिवत राहिले. माझ्या या दयेचा मला जितका किळस येतो तितका तुझ्या चोरीचाही येत नाही.

पण आता तू त्याला कॅमेऱ्यापुढे उभं करणार, त्याच्या पोरीसमोर, आणि तो म्हणणार, चूक माझी. आणि ते ऐकून ती पोर एक जोडी घेऊन डोंगरात जाणार.

सात तारखेच्या आधी ये. एकटा ये. त्याच्यासमोर बस आणि सांग. मी दारात उभी राहीन, हवं तर माझं मी सांगेन. चार तारखेच्या दुपारपर्यंत आला नाहीस, तर मीच जाऊन सांगणार. ही धमकी समज.

मार्ला


टॅमरॅक फोर्क,
४ डिसेंबर

रॉयस,

तुझी चिठ्ठी मिळाली आणि खोकंही. चिठ्ठीत चार ओळी. 'जुनं उकरून कुणाचं भलं होणार? गाडी मी चालवत होतो, चालवणाऱ्याचे हात शाबूत हवेत. नाहीतर दोघेही मेलो असतो. आणि मार्ले, जाळलीस तू, मी नाही.' खोक्यात त्या करड्या हातमोज्यांच्या सहा जोड्या, स्मॉल मापाच्या. माझं माप तुझ्या लक्षात आहे हे पाहून मी भर दुकानात मोठ्याने हसले. मालक दचकला. मग ते खोकं मी चिमट्यात धरल्यासारखं नेऊन मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चांगले हातमोजे टाकताना जीव तुटतो माझा, पण त्यांना हात लावावासा वाटेना.

आज दुपारी बाराला दुकानाला कुलूप लावून वजनकाट्यावर गेले. काट्याशेजारच्या खोपटात डेन्टन सूप पीत होता. थर्मासचं झाकण तो दोन बोटांनी आणि दातांनी उघडतो.

"आलीस? बस. शनिवारच्या कॅमेऱ्यासाठी अॅव्हिसने शर्ट काढून ठेवलाय. निळा. मी म्हटलं, मला काय लग्नाला उभं करताय!"

मी बसले नाही. सांगून टाकलं. वाटेत फार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. जाकीट धुतलं, वितळलेली जोडी सापडली, लार्ज जोडी सापडली, मी दोन्ही जाळल्या. एवढंच. मिनिटभरही लागलं नसेल. चार वर्षांच्या गोष्टीला मिनिटसुद्धा लागत नाही.

त्याने चमचा खाली ठेवला.

"टाके होते?"

"हो."

"पिवळे?"

"पिवळे. तीन."

मला वाटलं ओरडेल. मला हवं होतं त्याने ओरडावं. त्याने खिडकीतून काट्यावरच्या ट्रकवाल्याला थांबायची खूण केली. मग म्हणाला, "मागितली असती तर दिली असती. चालवत तो होता. मीच म्हटलं असतं, घाल बाबा, आणि मला घरी ने." पुन्हा तेच म्हणाला, "नुसतं मागायचं होतं."

तू चिठ्ठीत लिहिलेलं कारण त्याने स्वतःहून तुला देऊन टाकलं, रॉयस. तुझी वकिली त्यानेच केली. मला तिथे भिंतीला डोकं आपटावंसं वाटलं.

पुढचं मात्र मला माहीत नव्हतं, आणि तुलाही नसणार. त्याने विचारलं, "मी दर वर्षी 'हरवली' का म्हणतो, ठाऊक आहे तुला?"

"का?"

"कारण मला वाटायचं अॅव्हिस ठेवायला विसरली. हातमोजे रात्री तीच वाळवते, सकाळी तीच जाकिटात घालते. थाप मारली तेव्हा आत मऊ लागलं होतं, पण माझा मफलरही तिथेच असतो. दवाखान्यात शुद्धीवर आलो तर ती रडत होती, म्हणत होती, मी ठेवली की नाही मला आठवत नाही, डेन्टन, मला आठवतच नाही. मी म्हटलं, ठेवली होतीस, मीच हरवली. सगळ्या गावासमोर म्हटलं. म्हणजे मग तिला पटेल." त्याने डोळे चोळले. "तिला नाही पटलं. ती अजून सकाळी माझ्या जाकिटात तीन-तीनदा हात घालून बघते. आणि खरं सांगायचं तर, मलाही नव्हतं पटलं. चार वर्षं मी माफ केल्याचा आव आणला तिच्यापुढे. जिने काही केलंच नव्हतं तिला."

त्याने फोन उचलला. मी निघायला वळले तर म्हणाला, "थांब. ऐक."

"अॅव्हिस? मी. नाही, बरा आहे. ऐक. तू ठेवली होतीस." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "जोडी. त्या दिवशीची. तू ठेवली होतीस, मार्लाने डोळ्यांनी पाहिली. हो. दोन्ही हातमोजे. हो, टाक्यांसकट. नाही गं, मी तुझं मन राखायला नाही म्हणत. या खेपेला नाही."

पलीकडून आवाज आला तो मला खोपटाच्या दारापर्यंत ऐकू आला. रडणं म्हणावं तर तसं नव्हतं. खूप दिवस पाठीवर असलेलं पोतं कुणी एकदम खाली टाकलं की तोंडातून निघतो तसला तो आवाज होता. आपण दोघांनी ते पोतं तिच्या पाठीवर ठेवलं होतं. तू चढवलंस आणि मी दर वर्षी बघत होते ते नीट बसलंय ना. तिला मी बटाट्याच्या डिशा परत करायला गेले आहे, रॉयस, तिच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायले आहे, तुझं कौतुक तिच्या तोंडून ऐकलं आहे.

मी म्हटलं, "डेन्टन, मला क्षमा कर." भिकार शब्द. दुसरे मिळाले नाहीत.

तो उठला. त्याने खुंटीवरून मी शिवलेल्या तिन्ही जोड्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. "या घेऊन जा. यापुढे अॅव्हिस शिवेल." आवाज चढला नव्हता. मग खिडकी सरकवून बाहेरच्या ट्रकवाल्याला म्हणाला, "ये रे पुढे, किती वेळ ताटकळत ठेवलं तुला!" आणि पावतीपुस्तक उघडलं. मी बाहेर पडले.

आता शनिवारचं, सात तारखेचं. मी गाडीपाशी पोचले तेव्हा तो दारात आला आणि त्याने निरोप दिला तो जसाच्या तसा लिहिते.

"रॉयसला सांग, कॅमेरा आणू दे. मी निळा शर्ट घालून येईन आणि त्याच्या शेजारी उभा राहीन. पण मी बोलणार नाही. ब्रिन येणार आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. माझ्या पोरीला तिचा बाप बावळट वाटतो, ते तिच्या डोक्यातून काढायचं काम माझं नाही. त्याने लावलंय, त्याने काढावं. तो बोलेल. काय बोलायचं ते त्याचं त्याने बघावं."

तो तुझ्यापेक्षा फार मोठा माणूस आहे, म्हणून त्याने तुला दार उघडं ठेवलंय. मी ठेवलेलं नाही. मी तिथे असेन, ब्रिनच्या शेजारी. तू तो छापील कागदातला मजकूर बोलायला लागलास तर मी पुढे येईन आणि कॅमेऱ्यासमोर सगळं सांगेन, जाळल्यासकट. आला नाहीस तरी सांगेन. मालकाला, चर्चमध्ये, क्लबात. आईला आज रात्री जेवताना सांगणार आहे. ती काय म्हणेल माहीत नाही. तिने ताट भिरकावलं तर मी सांडलेलं भरून घेईन.

तुझा किळस येतो मला, रॉयस. तुझ्या दातांचा, तुझ्या चार ओळींचा, सहा जोड्यांचा, 'मार्ले' म्हणण्याचा. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटत नाही. कारण हा किळस माझ्या हातांनाही चिकटलाय. आणि तरी लहानपणी ओल्या हातांनी घरी येऊन तू रडायचास, मी ते काखेत धरून ऊब द्यायचे, तेही आठवतं. त्याने काही माफ होत नाही. नुसतं आठवतं.

शेवटी काय लिहावं याचा विचार करत अर्धा तास बसलेय. नातं खोडता आलं असतं तर खोडलं असतं. पण आज दुपारपासून मी खोटं लिहायचं सोडलंय, म्हणून जे आहे तेच लिहिते.

तुझी बहीण,
मार्ला